फ्रिज गुणगुणतो का?

जाहिरातींत समुद्र निळाच असतो
आणि मुलं सगळी एकाच दिशेला धावत असतात.
फेब्रुवारीभर मी त्या चाळत होते,
रेक्समच्या स्वयंपाकघरात, मॅक्सन झोपल्यावर,
म्हणजे साधारण रात्री दीडनंतर.

स्पेन नको. विमानतळावर हात वाळवायची यंत्रं असतात,
तसल्या एका यंत्रापायी आम्ही चेस्टरच्या संग्रहालयातून
एकाच पायात बूट घेऊन बाहेर पडलो होतो.
हॉलिडे पार्क नको. तिथे संध्याकाळी
एक फरचं अस्वल मिठ्या मारत हिंडतं.
लँडिड्नो बरं होतं, पण तिथले सीगल
हातातल्या चिप्स पळवतात,
आणि बाराच्या अकरा झाल्या
की आमच्या त्या दिवसाला पुढे रस्ता नसतो.

बहीण म्हणाली, अगं, त्याला ठेव माझ्याकडे,
तू आराम कर चार दिवस.
मनापासून म्हणाली. पण त्याच्याशिवायचा आराम
मला दुसऱ्याच्या चपलांसारखा होतो,
दोन पावलं चाललं की निघतो.

मग मी फोन करत सुटले.
पडदे कोणत्या रंगाचे? जिन्याला पायऱ्या किती?
टोस्टर उडी मारतो का? फ्रिज गुणगुणतो का?
तिघांनी हसून घेतलं.
चौथी, मिसेस ग्वेन्लियन पॅरी,
जमीन संपते तिथे राहणारी,
हसली नाही. म्हणाली, "थांब, ऐकून येते."
फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज, मग चपलांचा,
मग माझ्या घड्याळात एकवीस मिनिटं काहीच नाही.
"गुणगुणतो," ती परत येऊन म्हणाली, "एकाच सुरात.
पण वीस मिनिटांनी दचकतो.
मीसुद्धा दचकले."
मी तिथल्या तिथे पैसे भरले.

मेमध्ये गेलो.
तीन दिवस मॅक्सन गाडीतून उतरला नाही.
वाळू मोजता येत नाही, असं त्याचं म्हणणं.
म्हणणं म्हणजे, दोन्ही कानांत बोटं.
गाडी समुद्राकडे तोंड करून, काचा वर,
मांडीवर पॅरीबाईंनी दिलेलं भरती-ओहोटीचं पुस्तक.
दोन रात्रींत त्याला ते तोंडपाठ.
वाढदिवसाचं गाणं ज्याला सोसत नाही
तो एवढ्या मोठ्या पाण्याला
वेळेवर हजर होताना बघत बसला.
सहा तास आणि थोडं. पुन्हा सहा तास आणि थोडं.

चौथ्या दिवशी मला गाडीत झोप लागली.
तोंड उघडं, मान खिडकीवर, अशी झोप.
दाराला कुलूप लावलं होतं की नाही
ते आठवून अजून पोटात गोळा येतो.
जाग आली, शेजारची सीट रिकामी.

तो वाळूवर होता.
मोजे काढून नीट बुटांत घातलेले,
पाण्यापासून हातभर लांब, मनगट डोळ्यांजवळ.
मी धावले नाही. मी धावले की तो धावतो.
भरती अकरा चाळीसला संपायची होती
आणि पाणी अजून चढत होतं.
अकरा एकेचाळीस.
एवढ्याशा चुकीवर आम्ही उठून आलो आहोत
लग्नांतून, दवाखान्यांतून, एका शाळेतून तर कायमचे.
अकरा त्रेचाळीस.
एक लाट त्याच्या अंगठ्याला लागली.
पुढची तिथवर आली नाही.

त्याने खिशातून पेन्सिल काढली,
छापलेल्या आकड्यावर सरळ रेघ मारली,
वर लिहिलं, ११:४४.
चूक पुस्तकाची होती.
समुद्राला तो काही बोलला नाही.

पुढच्या वर्षाचं विचारायला परवा फोन केला.
पॅरीबाई म्हणाल्या, "या ना.
फ्रिज यंदा बदलणार होते मी.
राहू दे."